इनटेक मॅनिफोल्ड घरीच बदलला, माझा अनुभव

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ्यांचा भाग. गाडी १२ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, सिग्नलला उभी राहिली की आरपीएम ८०० वरून १५०० आणि परत खाली, चेक इंजिन लाइट पेटलेला, स्कॅनरवर कोड पी०१७१ म्हणजे मिक्स्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मेकॅनिक म्हणाला सेन्सर बदला, बदलला, पैसे गेले, फरक शून्य.

मग थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या जोडावर कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) बारीक फवारा मारला (एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात नको, पेट घेईल) आणि तिसऱ्या सिलिंडरपाशी आवाज एकदम बदलला. सापडला चोर! प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला केसाएवढी चीर, तिथून जास्तीची हवा ओढत होता.

रविवारी पार्किंगमध्येच बसलो. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवली म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. प्रत्येक होज काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. मागचे दोन बोल्ट दिसतच नाहीत, हाताने चाचपडत काढले, त्यातच दहा नंबरचा सॉकेट खाली पडला आणि सबफ्रेमवर (इंजिनखालची चौकट) जाऊन बसला, अर्धा तास त्याच्यातच गेला. पोर्टमध्ये (इंजिनची हवा आत जायची उघडी तोंडं) फडकी कोंबली, जुन्या गॅस्केटचा (जोड हवाबंद करणारी पट्टी) चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला, ब्लेड लावलं तर ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात. नवीन गॅस्केट कोरडंच, सीलंट नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) शेजारच्या काकांचा.

पहिल्या स्टार्टला खोकली, मग ८०० वर गप्प. फडकी मात्र काढताना मोजा, मी चार कोंबली चार काढली.