‘किरकोळ’ ऑपरेशन झालंय? मग पुढचे पंधरा दिवस असे काढा

क्युरेटिंग म्हणजे गर्भपिशवी आतून खरवडून साफ करणं, दुर्बिणीतून पॉलिप म्हणजे पिशवीतला छोटा मांसल कोंब काढणं, पिशवीच्या तोंडाची बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढणं, कुटुंब नियोजनाचं टाक्याचं ऑपरेशन. सकाळी उपाशीपोटी जायचं आणि बहुतेकदा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी यायचं. डॉक्टर याला ‘किरकोळ’ म्हणतात ते ऑपरेशनच्या मानाने. घरच्यांना मात्र त्यातून ऐकू येतं, की उद्या सकाळी ही पाणी भरायला उठेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच ऐकू आलं होतं. माझा पॉलिप काढला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी चाळीच्या नळावरून भरलेली बादली उचलली, आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू झालं. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. हा हिशेब मी उचलण्याआधी कधी केलाच नव्हता.

पहिलं काम : हॉस्पिटलमधून निघण्याआधी

भूल दिल्यानंतर डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं डोक्यात राहत नाही. म्हणून प्रश्न सोबतच्या माणसाने विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची. नेमकं काय केलं? तपासणीला तुकडा पाठवलाय का, रिपोर्ट कधी मिळेल? टाके विरघळणारे की काढायचे? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? गर्भपातानंतर क्युरेटिंग झालं असेल आणि तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पुढच्या गरोदरपणात बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचं आवर्जून विचारा. ते ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

पहिले चोवीस तास

गुंगी उतरली असं वाटतं, पण पुरती उतरलेली नसते. या काळात स्कूटर चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, फोनवरून पैशांचे व्यवहारही नकोत. रात्री घरात कुणीतरी मोठं माणूस हवं. टॅक्सीने येताना पोटाशी एक उशी धरा, खड्डे काही चुकत नाहीत. लिफ्ट नसेल तर जिने चढायला हरकत नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मजल्यामजल्यावर थांबत चढा. संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर पहिल्या रात्री एकटीने जाऊ नका. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, मगच उभ्या राहा. बायका पडतात त्या याच वेळी. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर फोन करा. घसा खवखवला तर घाबरू नका, भूल देताना घशात नळी घातलेली असू शकते. पेज, मऊ भात, वरण, जे पचेल ते खा.

अंगावरून जाणं

सगळ्यात जास्त घोर याचाच असतो. पाळीसारखं किंवा त्याहून कमी रक्त काही दिवस जातं, कधी कधी दोन आठवडेही. आधी लाल, मग तपकिरी, मधेच एक दिवस काहीच नाही आणि परत थोडंसं. पिशवीच्या तोंडावर काही केलं असेल आणि तिथे औषध लावलं असेल, तर कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव येतो. तो औषधाचा रंग असतो. ओटीपोटात पाळीसारख्या कळा येतात, त्याही एक-दोन दिवसांत ओसरतात.

मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी पॅडचा हिशेब ठेवला होता. सासूबाई हसल्या, पण डॉक्टरांनी ‘किती जातंय?’ विचारल्यावर मला ‘बरंच’ म्हणावं लागलं नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच : तासाभरात पॅड पूर्ण भिजलं आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. डॉक्टर सांगेपर्यंत पॅडच वापरा. टॅम्पॉन, कप आतून घालायचं काहीही नको.

दुर्बिणीने पोटातून ऑपरेशन झालं असेल तर

खांदा दुखतो. ऑपरेशन पोटाचं आणि ठणका खांद्यात, हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरते, हार्टचं काही आहे की काय म्हणून. आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदनाही तिथूनच जाते, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. घरातल्या घरात चालत राहा, दोन-तीन दिवसांत जातं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र ते वायूवर ढकलू नका.

मुंबईच्या दमट हवेत बेंबीतला टाका कोरडा राहत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की आंघोळ करा, मग स्वच्छ कापडाने टिपून घ्या. हळद नको, पावडर नको.

दुखण्याची गोळी पहिले दोन दिवस दुखण्याची वाट न बघता ठरल्या वेळी घ्या. पॅरासिटामॉल चालू असेल तर सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका, तिच्यातही बहुधा तेच असतं. पोट साफ होत नसेल तर इसबगोल आणि भरपूर पाणी. लोहाची गोळी दिली असेल तर तिच्यावर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

शेजारच्या काकू कानाला रुमाल बांधायला सांगतील, डिंकाचे लाडू धाडतील. रुमालाने बिघडत काहीच नाही, बांधा. लाडू आवडत असतील तर खा. टाक्यांवर शेक घ्यायचा सल्ला मात्र हसून सोडून द्या.

कामावर कधी?

क्युरेटिंग किंवा आतून केलेल्या छोट्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत, पोटाच्या दुर्बिणीनंतर साधारण आठवड्याने टेबलावरचं काम जमतं. पण ऑफिस आणि लोकल या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दादरला सकाळी नऊच्या लेडीज डब्यात शिरताना पोटात बसणारं कोपर कुठल्याही फिटनेस सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं. पहिला आठवडा ऑफिसात उशिरा येण्याची सवलत मागून घ्या, म्हणजे गर्दीनंतरची गाडी पकडता येईल. आणि उगाच किरकोळ रजा जाळू नका. मातृत्व लाभाचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी गर्भपातानंतर सहा आठवडे आणि नसबंदीनंतर दोन आठवडे पगारी रजा मिळते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

गर्भपातानंतरचं क्युरेटिंग असेल तर शरीर आधी सावरतं. लोक ‘होईल गं पुढच्या वेळी’ म्हणतात, तेव्हा उत्तर द्यायची गरज नाही. रडू येईल, येऊ द्या. काही आठवड्यांनीही झोप आणि जेवण रुळावर येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच दुखणं आहे.

नवऱ्याशी आधीच बोलून ठेवा : संबंध साधारण दोन आठवडे आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत नाहीत. पिशवीच्या तोंडाचं ऑपरेशन असेल तर चार आठवडे. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, पण दिवस त्याआधीही राहू शकतात. आठ आठवडे झाले तरी पाळी आली नाही तर दाखवा.

ताबडतोब कधी जायचं

ताप १००.४ च्या वर, घाण वास, कमी होण्याऐवजी वाढणारं दुखणं, फुगत जाणारं पोट, थांबत नसलेल्या उलट्या, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, चक्कर येऊन पडणं. रात्री दोन वाजता असलं तरी. १०८ ला फोन करा, किंवा केईएम, सायन, नायर, कूपर यांतलं जे जवळ असेल तिथली कॅज्युअल्टी गाठा. डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या.

राहिला रिपोर्ट. तुकडा तपासणीला गेला असेल तर तो साधारण आठवड्याभरात येतो. माझा तीन आठवडे लॅबमध्ये पडून होता, कारण मला बरं वाटत होतं. आणल्यावरही मी तो बसस्टॉपवर उभ्याने वाचला, त्यातला एक शब्द कळला नाही आणि रात्रभर जागी राहिले. शब्द अगदी साधा निघाला. रिपोर्ट घेतला की तसाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.