तापायच्या ऐवजी सळई जळायची

सळई तापवायला भट्टी बांधली: जुन्या हेअर ड्रायरचा भाता, लोखंडी पाइप, थोड्या विटा आणि लोणारी कोळसा. भट्टी पेटली झकास, पण सळईच्या टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायच्या. मी आधी खूश! नंतर कळलं, ठिणग्या उडाल्या म्हणजे पोलाद जळून कामातून गेलं.

दोष हवेचा. कोळशाचा थर जेमतेम चार बोटं, त्यामुळे उरलेला ऑक्सिजन थेट लोखंडाला भिडायचा. थर वीतभर केला, पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जादा हवा बाहेर सोडली, सळई खाली न खुपसता निखाऱ्यांच्या मधोमध आडवी ठेवली. आता ती छान पिवळी होते, कीटही (तापल्यावर लोखंडावर धरणारा काळा पापुद्रा) कमी धरते.

पाइप मात्र जस्ताचा मुलामा नसलेलाच घ्या, जस्ताचा धूर फार बाधतो.