नव्या खिडकीभोवतीची कामे आणि त्यांचा क्रम

खिडकी बदलताना काच किती जाडीची घ्यावी, चौकट अ‍ॅल्युमिनियमची असावी की यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकची, याची चौकशी बहुतेक जण बारकाईने करतात. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये राहणाऱ्या बोटभर फटीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. पाणी, धूळ आणि रस्त्यावरचा आवाज घरात शिरतो तो बहुधा याच फटीतून. म्हणून खिडकीसोबत घरातली आणखी काही कामे उरकून घ्यायची असतील, तर पैसे आणि लक्ष आधी या सांध्याकडे वळवावे आणि पडद्यांचे कापड निवडण्याचे काम शेवटी ठेवावे.

तोडफोडीची सर्व कामे खिडकी बसण्यापूर्वी संपवणे सोयीचे असते. खिडकीलगत विजेचा नवा पॉइंट हवा असेल, वातानुकूलन यंत्राची नळी भिंतीतून न्यायची असेल किंवा बाजूचा पोकळ झालेला गिलावा काढायचा असेल, तर गवंडी आणि इलेक्ट्रिशियन यांना त्याच सुमारास बोलवावे. चौकट आधीच बसलेली असल्यास ती प्लास्टिकने नीट झाकून घ्यावी, कारण ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीमुळे अ‍ॅल्युमिनियमवर कायमचे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. चौकटीवर कारखान्यातून आलेली संरक्षक फिल्म मात्र काम संपताच काढावी. महिनोन्‌महिने उन्हात तापल्यावर तिचा गोंद असा चिकटतो की ती तुकड्यातुकड्यांनी खरवडावी लागते.

चौकट ओळंब्यात (उभी सरळ) आणि पाणसळीत (आडवी समतल) आहे याची खात्री झाल्यावरच फट भरावी. फट रुंद असेल तर आत पॉलियुरेथेन फोम भरतात. तो फुगून सुकला की बाहेर आलेला भाग सुरीने कापतात. हा फोम ऊन लागल्यास पिवळा पडून भुसभुशीत होतो, त्यामुळे तो उघडा ठेवू नये; आतून गिलाव्याने आणि बाहेरून हवामानाला टिकणाऱ्या सीलंटने, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या लवचिक लेपाने, तो झाकावा. ज्या कडेवर पुढे रंग येणार आहे, तिथे साधा सिलिकॉन वापरू नये, कारण त्यावर रंग धरत नाही. रंग स्वीकारणारा सीलंट मागून घ्यावा. सीलंट लावण्यापूर्वी कडा कोरडी आणि धूळविरहित असणे हे सीलंटच्या महागड्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान छिद्रे असतात. रुळात साचलेले पावसाचे पाणी त्यांतून बाहेर पडते. रंगारी किंवा गवंडी नीटनेटकेपणाच्या उत्साहात ती बुजवून टाकतात आणि पुढच्या पावसात खिडकी गळते अशी तक्रार सुरू होते. काम ताब्यात घेताना रुळात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाते का, हे स्वतः पाहावे.

खिडकीखालचा कट्टा दुरुस्त करण्याची हीच वेळ. बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या दिशेने स्पष्ट उतार द्यावा, त्याचा दगड भिंतीच्या पृष्ठभागापासून सुमारे 40 मिलिमीटर पुढे काढावा आणि खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच पाडून घ्यावी. ही खाच नसेल, तर पाणी दगडाच्या खालून ओघळत परत भिंतीकडे येते आणि खिडकीखाली ओलीचा ठसा उमटतो. वरचा छज्जाही याच नियमाने तपासावा. त्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात तडा असेल, तर तो भरून वर जलरोधक लेप द्यावा.

नव्या गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारावे. त्यानंतर रंगाची घाई टाळावी. साधारण 28 दिवस वाट पाहणे उत्तम, कारण ओल्या भिंतीवर दिलेला रंग खार फुटून सोलतो. रंगाबाबत एवढेच सांगता येईल की, खिडकीच्या आतल्या बाजूच्या कडा फिकट आणि चमक नसलेल्या रंगात ठेवल्यास उजेड परावर्तित होऊन खोलीत खोलवर पोहोचतो.

घट्ट बसणाऱ्या खिडक्यांचा एक परिणाम मागाहून लक्षात येतो. जुन्या फटींतून नकळत होणारी हवेची ये-जा थांबते, स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली वाफ घरातच कोंडते आणि थंडीत काचेवर दव धरू लागते. पुढे कोपऱ्यांत बुरशी येते. म्हणून याच कामात एक्झॉस्ट पंखा बसवून घ्यावा आणि त्याला हवा मिळावी म्हणून त्या खोलीच्या दाराखाली एक-दोन सेंटिमीटरची फट ठेवावी. गॅसवर चालणारा गीझर बंदिस्त न्हाणीघरात असेल, तर खिडकी बदलण्याआधी त्याची जागा बदलावी. अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

पडद्याचा दांडा चौकटीपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर वर लावावा आणि दोन्ही बाजूंना 15 ते 20 सेंटिमीटर पुढे न्यावा, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी राहते. झडप आत उघडणारी असेल, तर दांडा लावण्यापूर्वी ती एकदा पूर्ण उघडून पाहावी.

खिडकीखाली सामानाचे कप्पे करून वर बैठक बांधण्याची कल्पना अनेकांना आवडते आणि उजेडात वाचत बसायला ती जागा खरोखरच सुखाची असते. मात्र लहान मुलासाठी ती बैठक म्हणजे खिडकीपर्यंत चढण्याची आयती पायरी असते. त्यामुळे भक्कम लोखंडी जाळी किंवा गज नसलेल्या खिडकीला आधी झडप 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारा अडसर बसवावा आणि मगच सुताराला बैठकीचे माप घ्यायला सांगावे.