म्हातारपणी स्मरणशक्ती शाबूत राहावी म्हणून घरातलं तेल-तूप कसं बदलावं

इंदूरच्या मराठी घरांत विसराळूपणाचा विषय निघाला की गाडी बदाम, ब्राह्मी आणि शब्दकोड्यांवर जाते. तेलाच्या डब्याकडे कुणी वळून बघत नाही. स्मृतिभ्रंशाची जी कारणं आपल्या हातात आहेत अशी १४ कारणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली मांडली. त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे खाण्यातल्या तेला-तुपावर बऱ्याच अंशी अवलंबून असलेलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, नव्याने घातलं. तेव्हा हे काम सासूबाईंच्या वयाची वाट न बघता सूनबाईंच्या वयातच सुरू करायचं.

पुरावा किती पक्का? शिकागोत ६५ वर्षांपुढच्या ८१५ जणांवर सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं. २००३ साली त्याचे निष्कर्ष आले: सर्वांत जास्त संपृक्त चरबी (तूप-लोण्यातली, गारठ्यात थिजणारी) खाणाऱ्या गटात अल्झायमरचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात मात्र सहा वर्षांनी असा संबंध दिसला नाही. जपानमधल्या हिसायामा गावी वेगळी पद्धत वापरली. काय खाता हे विचारण्याऐवजी रक्तातलीच ट्रान्स चरबी (तेल घट्ट करताना तयार होणारी) मोजली आणि १,६२८ जणांचा सुमारे दहा वर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्या रक्तात ती सर्वांत जास्त, त्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका दीडपट निघाला. असे अभ्यास सांगड दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी तिन्हींत मला जपानचा वजनदार वाटतो, कारण माणूस खाल्लेलं विसरतो, रक्त विसरत नाही. म्हणून पहिला नंबर ट्रान्स चरबीचा.

आधी डालडा आणि बेकरी

वनस्पती तूप घरात असेल तर ते संपवत बसू नका, काढून टाका. २०२२ पासून एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने) तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे पाकिटातला माल पूर्वीपेक्षा बरा आहे. सुटी खारी, टोस्ट, नानकटाई यांचं मात्र कुणी सांगावं! पाकीट घेतलं तर मागची बारीक अक्षरं वाचा. ‘हायड्रोजनीकृत’ शब्द दिसला की परत ठेवा.

तळणीचं तेल

आपल्याकडे खरी गोम इथे आहे. चकल्या तळून झाल्या की उरलेलं तेल गाळून बरणीत जातं, मग पुऱ्यांना, मग भज्यांना. तेल पुन्हा पुन्हा तापलं की बिघडत जातं, त्यातली चांगली चरबी सर्वांत आधी जाते. तेल काळसर झालं, फेस धरायला लागलं, तापायच्या आत धुरावलं, की त्याचं आयुष्य संपलं. एकदा तळून उरलेलं तेल दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, पुन्हा कढईत नको. त्यासाठी कढई लहान घ्या. चार पुऱ्यांसाठी लीटरभर तेल ओतलं की ते टाकवत नाही, हा अगदी मराठी स्वभाव आहे.

महिन्याचा हिशेब

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे सहा चहाचे चमचे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो झाले. तेलाचा लीटर ९१० ग्रॅमचा, म्हणजे साडेतीन लीटर. आणि यात तूप-लोणीही आलं. सियागंजच्या घाऊक बाजारातून पाच लीटरचा कॅन आणताना झाकणावर तारीख लिहा आणि संपला की बघा. चमच्याचमच्याला भांडण्यापेक्षा ही तारीख खरं बोलते.

कोणतं तेल

पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्शाच्या आसपास, सोयाबीनमध्ये साधारण १५ टक्के, मोहरीत त्याहूनही कमी. माळवा हा सोयाबीनचाच मुलूख, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरात आहे, आणि सोयाबीन व मोहरी या दोन्ही तेलांत थोडं ओमेगा-३ (मेंदूला लागणाऱ्या चरबीचा एक गट) मिळतं. ते उष्णतेला नाजूक. म्हणून फोडणीला सोयाबीन किंवा मोहरी, आणि तळायचंच असेल तर शेंगदाणा, अशी वाटणी करा. ऑलिव्ह तेलाबद्दल २०२४ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास आला: रोज ७ ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाने होणारे मृत्यू २८ टक्के कमी. परवडत असेल तर कोशिंबिरीवर घाला. वरणाला त्याची फोडणी देऊन पैसे आणि चव दोन्ही घालवू नका.

तूप? भातावर चमचाभर ठेवा, हिशेबात मात्र धरा.

जवसाची चटणी

शाकाहारी घराला ओमेगा-३ साठी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे जवस, इथल्या दुकानात अलसी म्हणून मागा. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. त्यात भाजलेले तीळ, सुक्या मिरच्या, जिरं, चार लसूणपाकळ्या, मीठ आणि चिंचेचं बुटुक घालून गार झाल्यावर भरड वाटा. अख्खे दाणे तसेच पोटातून निघून जातात, म्हणून वाटणं आवश्यक. आठवड्यापुरतीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा; खवट वास आला की टाका. रोज एक मोठा चमचा, भाकरीबरोबर किंवा दह्यात. शरीर यातला अगदी थोडाच भाग मेंदूला लागणाऱ्या डीएचएत (माशांत आयत्या मिळणाऱ्या ओमेगा-३ च्या प्रकारात) बदलतं, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा मासे खावेत; बांगडा मिळाला तर उत्तम. ओमेगा-३ च्या कॅप्सुलांनी मात्र निरोगी वृद्धांची स्मृती टिकल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. त्या पैशांचे अक्रोड आणा.

बाहेर खाताना

इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यांच्यात फार तेल नसतं. घोळ वरून पडणाऱ्या शेवेचा आणि शेजारच्या जलेबीचा. शेवेत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तेल सहज असतं. जीरावन (पोह्यांवरचा मसाला) आणि कांदा भरपूर मागा, शेव चिमूटभर. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायचेच आहेत. फक्त बाजार लागल्या लागल्या जा, रात्री बारानंतर कढईतलं तेल कितव्यांदा तापलंय कोण जाणे.

चाळिशीनंतर लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या आणि एलडीएल वाढलेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. चटणी हा गोळीला पर्याय नाही. बीपी आणि साखरही त्याच वेळी बघा.

हे सगळं निरोगी माणसांसाठी. घरात आजींना स्मृतिभ्रंश झालेलाच असेल तर त्यांचं तूप तोडू नका. या आजारात वजन उतरतं, जेवणावरची वासना जाते. मऊ वरणभातावर तूप घाला, आवडत असेल तर शिराही द्या. दर महिन्याला वजन करून वहीत लिहा आणि ते उतरत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.