घरमालकाला फ्लॅट विकायचाय, भाडेकरूने काय करायचं?

फोन साधारण असाच येतो, "अहो, फ्लॅट काढायचा विचार चाललाय, एक-दोन पार्ट्या बघायला येतील, जरा दाखवा." झालं. त्या दिवशी रात्री घरात हाच विषय, मुलाची शाळा, बायकोचं ऑफिस, आत्ताच बसवलेला गीझर, आणि पुढच्या महिन्यात पाथर्डी फाट्याला घर बघायचं की इंदिरानगरलाच. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थाची चर्चा सुरू झाल्यापासून "आता भाव येईल" म्हणून फ्लॅट काढणारे मालक जास्त भेटायला लागलेत असं मला तरी वाटतं. तर घाबरायच्या आधी आणि मुख्य म्हणजे "हो काका, पुढच्या महिन्यात सोडतो" असं फोनवर बोलून बसायच्या आधी हे करा.

पहिलं काम: अ‍ॅग्रीमेंट काढा आणि वाचा

एजंटने पाठवलेली पीडीएफ असेल कुठेतरी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, ती शोधा. चार गोष्टी बघायच्या: अ‍ॅग्रीमेंट कधी संपतंय, लॉक-इन (म्हणजे ठरावीक महिने करार मोडता येत नाही अशी अट) आहे का आणि ते दोघांवर आहे की फक्त तुमच्यावर, नोटीस किती दिवसांची, आणि डिपॉझिट कधी परत द्यायचं लिहिलंय. काही अ‍ॅग्रीमेंटमध्ये विक्रीबद्दल वेगळी ओळ असते, ती पण बघा.

आणि वरती काय लिहिलंय ते बघा, कारण सगळा खेळ तिथे आहे. आजकाल जवळपास सगळ्यांचं 'लिव्ह अँड लायसन्स' असतं, बहुतेक ११ महिन्यांचं. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाहीच, तुम्हाला राहायची परवानगी दिलेली आहे. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाड्यात आजोबांपासून राहणारे, पावती फाडून भाडं देणारे, ते खरे भाडेकरू, त्यांचं गणित पूर्ण वेगळं, ते खाली लिहितो.

अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे का तेही बघा. महाराष्ट्रात ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्ट्रेशन लागतंच, नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल घरात राहणारा (लायसन्सवालाही) जे सांगेल ते धरलं जातं, जोपर्यंत उलटं सिद्ध होत नाही. त्यामुळे रजिस्टर नसेल तर तुम्ही अगदीच लटकलेले आहात असं समजू नका, भाड्याचे बँकेचे एंट्री आणि डिपॉझिटचा पुरावा मात्र आजच सेव्ह करून ठेवा.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी हे नीट समजून घ्या

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "अ‍ॅग्रीमेंट आहे ना अजून सात महिन्यांचं, मग नवीन मालकाला पण ते पाळावंच लागेल." तसं नाहीये. १८८२ च्या इझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५९ सांगतं की लायसन्स देणाऱ्याने जागा दुसऱ्याला दिली तर घेणारा त्या लायसन्सला आपोआप बांधील नसतो. ऐकायला वाईट आहे, पण आहे हे असं आहे. मग तुमच्या हातात काय? त्याच कायद्यात कलम ६३ आहे, लायसन्स काढून घेतलं तर सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, आणि कलम ६४, पैसे देऊन घेतलेलं लायसन्स तुमची चूक नसताना मुदतीआधी काढून घेतलं आणि तुम्हाला बाहेर काढलं तर ज्याने दिलं त्याच्याकडून भरपाई मागता येते. म्हणजे भांडण नवीन मालकाशी नाही करायचं, जुन्याशी करायचं. आणि अ‍ॅग्रीमेंटमधल्या नोटीस आणि लॉक-इनच्या अटी तर जुन्या मालकाला लागू आहेतच.

दुसरा गैरसमज याच्या उलटा, "बसून राहू, काय करणार ते." असं करू नका. मुदत संपल्यावर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जातो, तिथे लेखी करार हाच पक्का पुरावा धरतात, आणि राहिलेल्या दिवसांचे दुप्पट भाड्याने पैसे द्यावे लागतात. १४ हजार भाडं असेल तर महिन्याला २८ हजार. तिथून समन्स आलं तर ३० दिवसांत अ‍ॅफिडेव्हिट करून बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, ते पत्र कपाटात टाकून गावाला गेलात तर संपलं.

आणि विकत घ्यायचा पहिला हक्क भाडेकरूचा असतो हे पण खूप जण सांगतात, तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये तशी अट लिहिलेली असेल तरच तो असतो.

मग बोलणी करा, आणि तुमचं पारडं वाटतं तितकं हलकं नाहीये

फ्लॅट घेणाऱ्याला ताबा रिकामा हवा असतो, बँकेचं लोन असेल तर आणखीच. मालकाने टोकन घेतलंय, साठेखताची तारीख ठरलीय, आणि घरात तुम्ही आहात. तुम्ही अमुक तारखेला शांतपणे चावी देणार याची मालकाला गरज आहे, आणि याच्याच बदल्यात काय मागायचं ते आधी घरात बसून ठरवा: जास्तीचे एक-दोन महिने (शाळेचं वर्ष संपेपर्यंत ही मागणी बहुतेक मालक समजून घेतात), शेवटच्या महिन्याचं भाडं माफ, टेम्पो-हमालाचा खर्च, किंवा नवीन घराचं ब्रोकरेज. मुदत बाकी असताना काढत असतील तर हे मागण्यात लाजायचं काही कारण नाही. मुदत संपतच आली असेल तर थोडं कमी मागा, उगाच संबंध खराब होतात आणि पुढच्या मालकाने यांनाच फोन करून विचारलं तर पंचाईत.

फोनवर बोललात तरी नंतर लगेच मेसेज टाका. असा काहीतरी:

"काका नमस्कार, आज बोलल्याप्रमाणे तुम्ही फ्लॅट विकायचं ठरवलंय. आपलं अ‍ॅग्रीमेंट मार्चअखेर आहे. आम्ही १५ एप्रिलपर्यंत राहू, तोपर्यंतचं एक्स्टेंशन लेखी करून द्या. १५ एप्रिलला फ्लॅट रिकामा करून देऊ. डिपॉझिट ४० हजार त्याच दिवशी चावी देताना परत मिळेल आणि टेम्पोचा खर्च तुम्ही द्याल असं ठरलं. बरोबर आहे ना, कळवा."

त्यांनी "हो" लिहिलं की स्क्रीनशॉट. नुसता अंगठा आला तर एकदा "हो लिहा ना काका" म्हणायला हरकत नाही.

फ्लॅट बघायला येणाऱ्यांचं काय

हा खरा वैताग. एजंट रविवारी सकाळी दहाला चार फॅमिली घेऊन येतो, कोणी किचनचे कप्पे उघडतं, कोणी बाथरूमचा फोटो काढतं. दाखवायला सरळ नाही म्हणू नका, अ‍ॅग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा मालकाला आगाऊ सांगून घर बघायची मुभा असते, शिवाय सहकार्य केलं तर बोलणी सोपी जातात. पण वेळ तुम्ही ठरवा: आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, आदल्या दिवशी फोन, एजंट सोबत पाहिजेच. चावी एजंटकडे अजिबात द्यायची नाही, सोन्याचं आणि कागदपत्रांचं कपाट लॉक. एक फायदा पण करून घ्या, तोच एजंट तुम्हाला दुसरं घर दाखवू शकतो, त्याला दोन्हीकडून कमाई असते म्हणून तो खुशीने फिरवतो.

घेणाऱ्याला भाडेकरू हवा असेल तर

अंबड-सातपूरच्या एमआयडीसीच्या बाजूला, किंवा बाहेरगावचा माणूस गुंतवणूक म्हणून घेत असेल तर तो तुम्हालाच ठेवू शकतो. चांगलंय, पण नवीन मालकाच्या नावाने नवीन अ‍ॅग्रीमेंट करा, रजिस्टर. डिपॉझिटचं मात्र स्पष्ट करा, एकतर जुन्याकडून परत घेऊन नव्याला द्या, किंवा जुन्याने नव्याला दिलं असं तिघांच्या सहीचं लिहून घ्या. "ते आमचं आमचं बघतो" यावर विश्वास ठेवून कितीतरी जण दोन मालकांच्या मध्ये फिरत बसतात. भाडं नव्याच्या खात्यात टाकायच्या आधी जुन्या मालकाचं लेखी पत्र आणि इंडेक्स टू (खरेदी नोंदवल्याचा सरकारी उतारा) ची कॉपी मागा.

तुम्हीच घेतला तर?

मला विचाराल तर झेपत असेल तर हा पर्याय आधी बघावा, कारण घराची गळती, पाण्याचं टायमिंग, शेजारी, सगळं तुम्हाला माहीत आहे आणि दोघांचं ब्रोकरेज वाचतं, तेवढा भाव पाडून मागा. पण ओळखीच्या भरवशावर कागद सोडू नका. वकिलाकडून टायटल सर्च (मालकी आणि बोजा तपासणं), मालकाचं लोन चालू असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं एनओसी. बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (मालकाच्या रकमेतून कापायचा आयकर) तुम्हाला कापून भरावा लागतो, मालकाला पूर्ण रक्कम देऊन मोकळे होऊ नका. आणि टोकन दिल्यापासून खरेदीखतापर्यंत भाडं द्यायचं की नाही हे टोकनच्या पावतीतच लिहा.

वाड्यातले आणि जुने पावतीवाले

तुम्हाला नुसती विक्री झाली म्हणून कोणी बाहेर काढू शकत नाही. वाडा विकला तर तो तुमच्यासकट विकला जातो, नवीन मालक जुन्याच्या जागी येतो. काढायचं असेल तर कायद्यात दिलेलं कारण दाखवून दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि विक्री हे ते कारण नाही. फक्त भाडं थकवू नका, थकलं तर लेखी मागणीची नोटीस येते आणि ९० दिवसांत भरलं नाही तर दावा लागू शकतो. लाईट-पाणी तोडून त्रास दिला तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टातून परत जोडून मागता येतं.

पेपर वाचत जा. घेणाऱ्याचे वकील देशदूत, गावकरी, लोकमतला जाहीर नोटीस देतात, त्यात तुमचा वाडा दिसला तर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत पाठवा की आम्ही इथे भाडेकरू आहोत, पावत्यांच्या झेरॉक्ससकट. पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या नोटिसा येतात, तेव्हा जिवासाठी बाहेर पडावंच लागलं तर निघायच्या आधी जागेची मापं, फोटो आणि ताब्याचे कागद तयार ठेवा. बिल्डर नवीन बिल्डिंगमध्ये जागा देतो म्हणाला तर किती फूट, कधी, तोपर्यंतचं भाडं कोण देणार हे रजिस्टर करारात आल्याशिवाय चावी द्यायची नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

निघायचा दिवस

सामान टेम्पोत चढलं की रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ, पंखे, भिंती, मीटरचं रीडिंग. रंगाचे पैसे कापायची सवय बऱ्याच मालकांना असते, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलं असेल तेवढंच मान्य करा. डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला की मग चावी, "घर विकलं की पैसे येतील तेव्हा देतो" हे चालणार नाही. चावी दिल्याचं दोन ओळींचं पत्र, दोघांच्या सह्या. मुदत बाकी असेल तर अ‍ॅग्रीमेंट रद्द केल्याचं पण लिहून घ्या.

मग गॅसचा पत्ता, आधार, बँक, शाळा. पुढच्या वर्षी मुलाचं आरटीईचं (खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागांचं) अ‍ॅडमिशन करायचं असेल तर नवीन घराचा करार रजिस्टर लागतो, तो फॉर्म सुटायच्या आधीच करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी एजंट आणि मालक दोघं फोन उचलत नाहीत.