क्रॉस कंट्री हँग ग्लायडिंग आणि बदलती हवा: या चुका टाळा

हँग ग्लायडरच्या (इंजिन नसलेल्या, कापडी पंखाला लटकून उडायच्या यानाच्या) लांबच्या फ्लाइटमध्ये वाट लागते ती बहुतेक वेळा हात कच्चा असतो म्हणून नाही, तर सकाळी टेकऑफवर ठरवलेला प्लॅन दुपारी तीनलाही डोक्यातून निघत नाही म्हणून. आकाश कधीच बदललेलं असतं आणि आपण अजून गोलला (ठरवलेल्या शेवटच्या ठिकाणाला) किती किलोमीटर राहिले तेच बघत बसलेलो असतो.

सकाळचा फोरकास्ट दिवसभर धरून ठेवणं

एक सोपा हिशोब आहे. जमिनीवरचं तापमान वजा दवबिंदू, गुणिले 125, की ढगांचा बेस, म्हणजे त्यांची खालची पातळी, साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. म्हणजे 34 आणि 18 असेल तर 2000 मीटर. दिवस तापत जातो तसा बेस वर सरकायला पाहिजे, तो उलटा खाली येताना दिसला तर कुठून तरी दमट हवा घुसलीये असं समजा, आणि ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढायला लागले, तेही दुपार व्हायच्या आत, तर त्या दिवशी मोठा टास्क (ठरवलेला लांबचा मार्ग) विसरा.

जोरदार लिफ्ट (वर उचलणारी हवा) मिळतेय म्हणून ढगाखाली बसून राहणं

सगळ्यात घातक चूक हीच, कारण ती करताना आपण फार भारी उडतोय असं वाटतं! व्हॅरिओ (वर-खाली जायचा वेग आवाजाने सांगणारं यंत्र) किंचाळतोय, काही न करता वर चाललोय, मजा येतेय, पण बेसच्या जवळ जाताना थर्मल (तापून वर जाणाऱ्या हवेचा झोत) मंदावायच्या ऐवजी वाढत असेल आणि लिफ्ट गोलातच नाही तर सगळीकडे पसरली असेल तर तो ढग तुम्हाला ओढतोय. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ पॅराग्लायडर पायलट एव्हा विश्निएर्स्का अशीच वादळी ढगात ओढली गेली आणि जवळजवळ 9,900 मीटरपर्यंत गेली, वर बेशुद्ध पडली, वाचली हे नशीब. त्याच वादळात दुसरा एक पायलट मात्र गेला.

उपाय काय? बेसला पोचायच्या बराच आधी, डोक्यावर अंतर असतानाच निघा. बार (हातातला कंट्रोलचा दांडा) आत घ्या, म्हणजे वेग वाढतो, आणि सरळ उजेडाच्या, म्हणजे ढगाच्या जवळच्या कडेकडे पळा. हँग ग्लायडरला वेग आहे, तो इथेच वापरायचा. तिथेच गोल गोल फिरून खाली येऊ म्हणत बसू नका, लिफ्ट जोरात असेल तर ते जमतच नाही. ढग अजून मध्यम असताना हे सगळं सोपं असतं, उशीर केलात की कड लांब गेलेली असते.

वादळ लांब आहे म्हणून निवांत राहणं

वादळ वीस किलोमीटरवर असलं तरी त्यातून बाहेर पडलेली थंड हवा तुमच्यापर्यंत पोचू शकते. क्षितिजावर धुळीची रेघ सरकताना दिसणं, लांबचा धूर अचानक दुसरीकडे कलणं, या खुणा बहुतेकांना माहीत असतात. फसवते ती तिसरी, कमी उंचीवर अचानक सगळीकडे मऊ, गुळगुळीत लिफ्ट मिळायला लागते. लोक खूष होऊन वर चढतात, आणि खरं तर थंड हवेची पाचर खालून आपल्याला उचलत असते. वेळ असेल तर लगेच उतरा, वेळ गेलेली असेल आणि उंची असेल तर वादळापासून लांब जा. गस्ट फ्रंट, म्हणजे या थंड हवेची पुढची धार, अंगावर येतोय नेमकं तेव्हा जमिनीजवळ असणं टाळायचंय.

धक्के बसायला लागले तर बार घट्ट धरून थोडा आत, आणि व्हीजी (पंखाचं कापड ताणायची दोरी) सैल. ताणलेल्या व्हीजीवर ग्लायडर जडपणे वळतो.

वर पातळ सिरस (खूप उंचावरचे विरळ ढग) पसरला तर घाबरायचं काही नाही, फक्त गिअर बदला. ऊन कमी म्हणजे थर्मल कमी, मगाशी सोडून दिलेली सेकंदाला अर्ध्या मीटरची लिफ्टही आता घ्या.

वारा वाढला तरी जुनाच ग्लाइड धरणं

ताशी 50 किलोमीटर वेगाला 12:1 ग्लाइड देणारा, म्हणजे एक मीटर खाली येताना 12 मीटर पुढे जाणारा ग्लायडर समोरून 30 चा वारा आला की जमिनीवर फक्त 20 ने सरकतो, ग्लाइड 5:1 च्याही आत. म्हणजे समोरचं ते "सहज पोचू" वाटणारं मैदान गेलं. डोंगराच्या आडोशाला उतरायचं तर त्याहून वाईट, तिथे रोटर (गोल गोल फिरणारी खवळलेली हवा) असतो. (पाठीवरच्या वाऱ्याचं कौतुक करणारे 2012 च्या टेक्सासमधल्या 764 किलोमीटरच्या रेकॉर्डचं उदाहरण देतात, पण ते उड्डाण जिथून झालं त्या झपाटा (Zapata) गावाची ख्याती आहे ती एका दिशेने सतत वाहणाऱ्या वाऱ्याची आणि ढगांच्या रांगांची, वादळाची नाही.)

मैदान उंची असतानाच निवडा आणि वाऱ्याची दिशा नव्याने बघा, धूर, पाण्यावरच्या लाटा, गोल फिरताना आपण कुठे सरकतोय ते. टेकऑफची दिशा इथे चालत नाही. व्हीजी पूर्ण सोडा, आणि जमिनीजवळ वारा कमी होत जातो म्हणून अप्रोचला वेग जास्त ठेवा.

पाऊस लागला असेल तर आणखी थोडा जास्त, कारण ओला पंख लवकर स्टॉल होतो, म्हणजे वेग कमी पडून उचल सोडतो. आणि ओला सेल (पंखाचं कापड) तसाच बॅगेत गुंडाळला असेल तर घरी गेल्यावर उघडून वाळवा, बुरशी लागते.