क्लॅमडी रोज सकाळी का मरायचा

पोस्टफिक्स (मेल घेणारा-पोचवणारा), अमाविस (मेल तपासणीला देणारा मधला माणूस) आणि क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा, त्याचा सतत चालू असणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लॅमडी) एकमेकांना कसे जोडायचे ते तुम्हाला येतं, असं धरून चालतो. त्याच्यावर लिहिणारे पायलीला पन्नास आहेत. जोडणी नीट असते, सहा महिने सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस मेल अडतो, त्याबद्दल मला सांगायचंय.

महिन्याची १९ तारीख होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची मुदत. अकाउंट्सच्या मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "अरे, सीए म्हणतायत तासाभरापूर्वी शीट पाठवलीय. आपल्याकडे कुठाय?" मी ऐटीत म्हणालो, पाठवलीच नसेल. त्या गेल्यावर मेलक्यू (रांग दाखवणारी कमांड) मारून बघतो तर तीनशे चाळीस मेल रांगेत. प्रत्येकाखाली तोच ४५१ हा नकाराचा कोड, आणि शेवटी 'ऑल व्हायरस स्कॅनर्स फेल्ड'. पोटात गोळाच आला.

आधी धीराचं सांगतो. यात मेल हरवत नाही. चारने सुरू होणारा नकार म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये', आणि पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा नाही. पोस्टफिक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवस प्रयत्न करत राहतो. तेव्हा घाबरून रांग साफ करू नका. करणारे मी पाहिलेत. एक वाईट गोष्ट मात्र आहे. अमाविस हा ४५१ आपल्याच पोस्टफिक्सला देतो, बाहेरच्या माणसाला नाही. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मेल पोचलेला असतो, आणि उशिराची सूचना मुळात बंद असल्याने त्याला काही कळतही नाही. म्हणजे सीए खरं बोलत होते.

क्लॅमडी मेलेला होता. मी रीस्टार्ट केला, मेल वाहायला लागले, मॅडमनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण त्याच वेळी पुन्हा तेच. तीन आठवडे मी रोज रीस्टार्ट करत होतो. आमच्याकडचे एक सीनिअर म्हणाले, "क्रॉनमध्ये टाक ना, दर तासाला रीस्टार्ट." क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा. मी टाकलाही. माझं स्पष्ट मत आहे, ज्या माणसाचं प्रत्येक उत्तर क्रॉन असतं त्याच्याकडून काही शिकू नये.

आता खड्डा नीट समजून घ्या, कारण मी त्यात तीन आठवडे बसलो होतो. क्लॅमडी सगळ्या सिग्नेचर (व्हायरस ओळखायच्या खुणा) रॅममध्ये घेऊन बसतो, त्याला सव्वा जीबीच्या आसपास लागते. आमचा सर्व्हर दोन जीबीचा. फ्रेशक्लॅम या अपडेट आणणाऱ्या प्रोग्रॅमने नवीन सिग्नेचर आणल्या की क्लॅमडी त्या पुन्हा भरतो. ०.१०३ या आवृत्तीपासून ही भरणी करताना स्कॅनिंग थांबू नये म्हणून जुनी प्रत तशीच ठेवून शेजारी नवी उभी केली जाते. म्हणजे तेवढ्या वेळापुरती दुप्पट रॅम. दोन जीबीत अडीच जीबी बसत नाही, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यात जाडा प्रोसेस बघून मारतो, आणि तो क्लॅमडीच असतो. मी त्याच्या आधीच्याच आठवड्यात सर्व्हर जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केला होता, पण माझ्या डोक्यात दोन्हींचा संबंधच आला नाही. क्लॅमडीच्या लॉगमध्ये मरणाची एक ओळही नसते. मारलेल्याने काय लिहायचं? ती ओळ कर्नलच्या लॉगमध्ये असते, 'आउट ऑफ मेमरी' शोधलं की सापडते. मी अमाविसचे लॉग वाचत बसलो होतो.

आणि खड्ड्यात आणखी एक खड्डा. क्लॅमडी नसला की अमाविस राखीव स्कॅनर काढतो, तो क्लॅमस्कॅन. तो प्रत्येक मेलसाठी सगळ्या सिग्नेचर पहिल्यापासून भरतो. अमाविसची दोन पोरं (म्हणजे त्याचेच चाइल्ड प्रोसेस) एकदम कामाला लागली की दोन क्लॅमस्कॅन, प्रत्येकाला जीबीच्या वर. म्हणजे मदतीला आलेलाच मानेवर बसतो. मी क्लॅमडी रीस्टार्ट करून लगेच पोस्टक्यू -एफ (सगळी रांग एकदम सोडणारी कमांड) मारायचो. क्लॅमडीला उभं राहायला अर्धा-एक मिनिट लागतं, तेवढ्यात तीनशे मेल अमाविसवर, अमाविस क्लॅमस्कॅनवर, आणि अर्धवट उठलेला क्लॅमडी पुन्हा आडवा. सिस्टमडी (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालू-बंद करणारा) हिरव्या अक्षरात 'रनिंग' दाखवतो त्यावर जाऊ नका. क्लॅमडीच्या सॉकेटवर, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या दारावर, पिंग पाठवा. पाँग आलं तरच रांग सोडा.

उपाय दोन ओळींचा. क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये कॉन्करंट-डेटाबेस-रीलोड 'नो' करा, आणि जमलं तर रॅम वाढवा. 'नो' केलं की भरणी चालू असताना मेल थोडे थांबतात, थांबू द्या. रॅमसाठी मला मालकांशी भांडावं लागलं. तीनशे चाळीसचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर चार जीबी मिळाली.

पॅकेज जुनं ठेवणं हाही उपाय नव्हे. १५ एप्रिल २०१० ला क्लॅमएव्हीवाल्यांनी ०.९४ आणि त्याआधीच्या आवृत्त्या एका अपडेटमधून मुद्दाम बंद पाडल्या होत्या, आधी सांगून. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांचे मेल त्या दिवशी अडले.

एक राहिलं, सांगायला लाज वाटते तरी सांगतो. त्या तीन आठवड्यांत एकदा वैतागून मी अमाविसमधली व्हायरस तपासणीच बंद केली, 'फक्त दुपारपर्यंत'. ती अकरा दिवस बंद होती. मेल सुसाट येत होते आणि मला वाटत होतं, जमलं बुवा. उघडकीला आलं ते ईकारची चाचणी फाईल पाठवली तेव्हा. अडुसष्ट अक्षरांची निरुपद्रवी फाईल, कुठलाही स्कॅनर तिला व्हायरस म्हणतोच. ती सरळ माझ्या इनबॉक्समध्ये येऊन बसली. आता महिन्यातून एकदा पाठवतो. तुम्हीही पाठवा, पण जीमेलवरून नको, ते तिथेच अडवतात आणि तुम्हाला वाटतं आपला स्कॅनर शाबूत आहे. आपल्या ताब्यातल्या दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवायची.